शीट गप्प बसते तेव्हा

शनिवारी, ३ ऑक्टोबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये कोरोनाचे १२,८७२ नवे रुग्ण जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी तोच आकडा २२,९६१ वर गेला. साथ एका रात्रीत दुपटीच्या आसपास गेली नव्हती. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ रुग्ण मोजायचे राहून गेले होते आणि ते आता भरून काढले जात होते.

झाले ते असे. खासगी प्रयोगशाळा चाचण्यांचे निकाल साध्या मजकुराच्या फाइलींतून पाठवत. ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ ही सरकारी संस्था त्या फाइली एक्सेलमध्ये ओढून घेई आणि तिथून पुढे मध्यवर्ती यंत्रणेत चढवी. एक्सेलची फाइल मात्र जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारातली होती. या प्रकारात एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी मावतात, त्यापुढे एकही नाही. एका रुग्णाची माहिती अनेक ओळींत पसरलेली असल्याने एका फाइलीत साधारण १,४०० रुग्णच बसत. रुग्ण वाढले, फाइल भरली आणि उरलेल्या ओळी गळून पडल्या.

आजारी माणसांना त्यांचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधून घरी थांबायला सांगणाऱ्या पथकांपर्यंत ही नावे वेळेत पोचलीच नाहीत. थिमो फेत्झर आणि थॉमस ग्रेबर या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे या चुकीचा परिणाम मोजला. या दिरंगाईमुळे एक लाखाहून जास्त लोकांना अधिकचा संसर्ग झाला आणि हजाराहून जास्त मृत्यू ओढवले, असा त्यांचा अंदाज आहे.

या सगळ्या प्रकारात एकही फॉर्म्युला चुकलेला नव्हता. बेरीज बरोबर होती, फक्त ती अपुऱ्या यादीची होती. प्रयोगशाळेने किती नोंदी पाठवल्या आणि आपल्याकडे किती उतरल्या, हे दोन आकडे शेजारी ठेवून रोज ताळा पाहिला असता, तर पहिल्याच दिवशी फरक दिसला असता. मोठ्या याद्यांच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. त्या गणितात होत नाहीत, गणिताच्या आधी होतात: यादी मांडताना, भरताना, एका फाइलीतून दुसरीत नेताना. आणि शीट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

हिशेबाचे साधन यादीच्या कामाला

स्प्रेडशीट मुळात याद्यांसाठी जन्मलीच नव्हती. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हा तरुण हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. प्राध्यापक फळ्यावर मोठा तक्ता आखून व्यवसायाचे आकडे मांडत. त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम यंत्राने करावे, या कल्पनेतून ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ‘व्हिसीकॅल्क’ लिहिले. १९७९ मध्ये ते ॲपल-२ संगणकासाठी बाजारात आले. त्यात ६३ कॉलम आणि २५४ ओळी होत्या. एका कारखान्याचे अंदाजपत्रक मांडायला तेवढ्या पुरेशा होत्या.

१९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आले. नावातले तीन आकडे म्हणजे हिशेब, आलेख आणि माहितीसाठा अशी तीन कामे. याद्या शीटमध्ये शिरल्या त्या इथून. लोटसच्या पहिल्या आवृत्तीत २,०४८ ओळी होत्या. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आले आणि १९८७ मध्ये विंडोजवर. एक्सेल ९७ पासून ओळींची मर्यादा ६५,५३६ झाली आणि २००७ च्या आवृत्तीत ती १०,४८,५७६ वर गेली. कॉलम १६,३८४ झाले. म्हणजे आज एका शीटमध्ये सतराशे कोटींहून जास्त सेल आहेत.

जागा वाढली, पण स्वभाव हिशेबाच्या कागदाचाच राहिला. कोणत्याही सेलमध्ये काहीही लिहा, कुणी अडवत नाही. रकमेच्या कॉलममध्ये ‘नंतर देतो’ असे लिहिता येते, तारखेच्या कॉलममध्ये ‘दिवाळीनंतर’ चालते. माहितीसाठ्याची खरी प्रणाली याच्या उलट वागते. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित माहितीसाठ्याच्या कल्पनेवर आज बँका आणि रेल्वे आरक्षणासारखी कामे चालतात. तिथे कोणत्या कॉलममध्ये काय बसेल हे आधी ठरवावे लागते आणि त्यात न बसणारी नोंद दारातच परत जाते. शीटमध्ये हा दरवान नाही. ते काम वापरणाऱ्याला स्वतः करावे लागते.

न मागता केलेली मदत

दरवान नाही, पण शीटला एक भारी हौस आहे. टाइप केलेल्या मजकुराचा अर्थ ती स्वतःच लावते.

याचा सर्वाधिक ताप झाला तो जनुकशास्त्रज्ञांना. माणसाच्या काही जनुकांची आखूड नावे ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशी होती. ही नावे सेलमध्ये पडली की एक्सेल त्यांना १ मार्च आणि २ सप्टेंबर समजे. काही नोंदींचे क्रमांक याहून बिकट होते. २३१०००९, मग रोमन ‘ई’ हे अक्षर, मग १३ अशा क्रमांकातला ‘ई’ म्हणजे दहाचा घात असे समजून शीटने त्याची २.३१ गुणिले दहाचा एकोणिसावा घात एवढी अवाढव्य संख्या केली. २००४ मध्येच एका शोधनिबंधाने याकडे लक्ष वेधले होते. २०१६ मध्ये मार्क झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ नियतकालिकांतले निबंध तपासले, तेव्हा ज्यांना एक्सेलमधल्या जनुक-याद्या जोडलेल्या होत्या त्यांतल्या सुमारे वीस टक्के निबंधांत असे बिघडलेले जनुक सापडले. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीनेच माघार घेतली. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले, ‘सेप्ट२’चे ‘सेप्टिन२’. ही आपोआप होणारी अदलाबदल बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३ साली आली.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्यात हाच प्रकार जनुकांशिवाय पाहता येतो. शेतजमिनीच्या यादीत गट क्रमांक ‘१२/३’ असा टाइप करून एंटर मारा. संगणकावर भारतीय पद्धतीची तारीख लावलेली असेल, तर सेलमध्ये १२ मार्च उमटतो. खालच्या ओळीतला ‘१४५/२’ मात्र जसाच्या तसा राहतो, कारण १४५ ही तारीख होऊ शकत नाही. एकाच कॉलममध्ये अर्धे गट क्रमांक, अर्ध्या तारखा. चूक लक्षात आल्यावर पुष्कळ जण त्या सेलचा प्रकार बदलून ‘टेक्स्ट’ करतात. त्यावर १२/३ परत येत नाही. नोंद २०२५ मध्ये केली असेल तर तिथे ४५७२८ दिसतो. शीटच्या लेखी तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा, आणि मूळ गट क्रमांक तिने कुठेच जपून ठेवलेला नसतो.

आकड्यांचेही तसेच. मुंबईचा ०२२ हा कोड २२ होतो. बँकेच्या खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गायब होतात. बारा अंकी आधार क्रमांक साध्या सेलमध्ये ‘ई’ असलेल्या आखूड रूपात दिसू लागतो. तो निदान आतून शाबूत असतो. सोळा अंकी क्रमांकाचे नशीब तेवढे चांगले नाही. एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपते, त्यामुळे सोळावा अंक शून्य होतो आणि परत मिळवता येत नाही.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. ज्यावर कधी बेरीज-वजाबाकी होणार नाही असा प्रत्येक क्रमांक हा मजकूर समजावा: मोबाइल, खाते, आधार, पिनकोड, गट क्रमांक. टाइप करण्यापूर्वी तो पूर्ण कॉलम निवडून ‘टेक्स्ट’ करावा. बाहेरून आलेली सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल दोनदा क्लिक करून उघडू नये. ‘डेटा’ मेनूतून ती आत घ्यावी आणि तिथे कोणता कॉलम मजकूर मानायचा ते सांगावे. दोनदा क्लिक केले की अर्थ लावण्याचा हक्क शीटकडे जातो.

एक ओळ, एक नोंद

समजा, एका गावातल्या दूध संस्थेकडे ३०० सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतात. संस्थेतला कारकून हुशार आहे, एमएस-सीआयटी केलेला आहे. त्याने दर दहा दिवसांच्या बिलासाठी एक शीट केली. वर सेल मर्ज करून संस्थेचे नाव ठळक टाकले. डावीकडे सभासदांची नावे आणि उजवीकडे एक ते दहा तारखा, प्रत्येक तारखेखाली सकाळ आणि संध्याकाळ असे दोन कॉलम. म्हशीच्या दुधाचे सेल पिवळे, गाईचे पांढरे. दर पंचवीस नावांनंतर पानाची बेरीज. वर्षाच्या अशा छत्तीस शीट झाल्या.

छापून भिंतीवर लावायला हा तक्ता उत्तम. पण चेअरमननी विचारले, ‘पावसाळ्यात कोणत्या सभासदांचे संध्याकाळचे दूध घटले?’ तर छत्तीस शीट उघडून बसण्याखेरीज गत्यंतर नाही. तारीख ही माहिती इथे कॉलमच्या डोक्यावर जाऊन बसली आहे, महिना शीटच्या नावात आहे, आणि जनावर कोणते ते केवळ रंगात आहे. पिवळा रंग माणसाला दिसतो, बेरजेच्या फॉर्म्युल्याला दिसत नाही. मधल्या पान-बेरजा तर आणखी घातक आहेत. सगळा कॉलम बेरजेला लावला की दूध दुप्पट होते.

हीच यादी उभी मांडली तर कॉलम आठच लागतात: तारीख, वेळ, सभासद क्रमांक, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर. एका सभासदाने एका वेळी घातलेले दूध म्हणजे एक ओळ. सगळे वर्ष एकाच शीटमध्ये, मध्ये रिकामी ओळ नाही, मर्ज केलेला सेल नाही, बेरीज नाही. बेरजा आणि बिले दुसऱ्या शीटवर. हॅडली विकम या संख्याशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात हीच शिस्त नियमांत बांधली: प्रत्येक ओळीत एक निरीक्षण, प्रत्येक कॉलममध्ये एक गुणधर्म.

अशी यादी डोळ्यांना रुक्ष वाटते आणि लांब होते. रोजच्या ६०० ओळी, वर्षाच्या २ लाख १९ हजार. जुन्या एक्सएलएस फाइलीत ती ११० व्या दिवशी मावेनाशी झाली असती. आजच्या शीटमध्ये पावणेपाच वर्षे मावते. लांबीची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण ही यादी वाचायची नसते, तिला प्रश्न विचारायचे असतात.

छत्तीस आडव्या शीट आधीच तयार असतील तरी हाताने उतरवून काढण्याची गरज नाही. एक्सेलच्या २०१६ पासूनच्या आवृत्त्यांत ‘पॉवर क्वेरी’ हे साधन आतच असते. ते एका फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकाखाली एक जोडते आणि ‘अनपिव्होट’ या आज्ञेने आडव्या तारखा उभ्या करते. केलेली प्रत्येक पायरी ते क्रमाने लिहून ठेवते, म्हणून पुढच्या महिन्यात नवी फाइल फोल्डरमध्ये टाकून ‘रिफ्रेश’ केले की तेच काम आपोआप पुन्हा होते. मूळ फाइलींना ते हात लावत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

नावांचा घोळ

वरच्या यादीत सभासदाचे नाव नाही, क्रमांक आहे. ते मुद्दाम. नाव हे माणसाला ओळखायला ठीक, यादीला नाही. एकाच गावात तीन ‘संजय पाटील’ असू शकतात, आणि एकच संजय तीन फाइलींत ‘पाटील’, ‘पाटिल’ आणि शेवटी एक स्पेस लागलेला ‘पाटील ’ म्हणून येऊ शकतो. फालतू स्पेस ‘ट्रिम’ या फॉर्म्युल्याने जातात. वेबपेजवरून कॉपी केलेल्या मजकुरातली न तुटणारी स्पेस मात्र ट्रिमलाही जुमानत नाही. ती निराळी शोधून काढावी लागते.

मराठी मजकुरात आणखी दोन खाचखळगे आहेत. ‘कऱ्हाड’ हे गावाचे नाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होते. एका तऱ्हेत नुक्त्याचा ‘ऱ’ असतो, दुसरीत साधा ‘र’ आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आतली चिन्हे वेगळी असतात. दोन ऑपरेटरांनी दोन की-बोर्डांवर भरलेल्या यादीत कऱ्हाडची अशी दोन गावे होऊ शकतात. दुसरा खळगा जुन्या फॉन्टचा. श्रीलिपीसारख्या संचांतील युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसत असले, तरी सेलमध्ये खरोखर रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. फॉन्ट बदलला की सगळी यादी अगम्य होते, आणि अशा यादीला अकारविल्हे लावले तर ती मराठी वर्णक्रमाने लागत नाही. अशा फाइली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात.

म्हणून गाव, तालुका, जात-प्रवर्ग, जनावर अशी ठरावीक उत्तरे असलेली माहिती कुणालाही हाताने टाइप करू देऊ नये. ‘डेटा व्हॅलिडेशन’ने त्या सेलला निवडीची यादी लावता येते. मग ‘म्हैस’, ‘म्हैशी’, ‘म्है.’ असे प्रकार यादीत शिरतच नाहीत. पण व्हॅलिडेशन टाइप केलेल्या मजकुराला अडवते, पेस्ट केलेल्याला नाही. बाहेरून आणून चिकटवलेला कॉलम तिच्या नाकाखालून निघून जातो.

दोन याद्यांची गाठ

सभासदाचे नाव, गाव आणि बँक खाते दुसऱ्या शीटवर एकदाच लिहायचे आणि क्रमांकावरून हवे तेव्हा ओढून आणायचे. त्यासाठी कार्यालयांत सर्रास वापरला जातो तो व्हीलूकअप. नोकरीच्या मुलाखतीत ‘एक्सेल येते का’ या प्रश्नाचा अर्थ अनेकदा ‘व्हीलूकअप येतो का’ एवढाच असतो. त्यातली मेख शेवटच्या चौथ्या जागेत आहे. तिथे ‘फॉल्स’ किंवा शून्य लिहिले तर शीट तंतोतंत जुळणी शोधते. ती जागा सोडून दिली तर यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे धरून शीट जवळपासची नोंद उचलते. यादी तशी लावलेली नसेल तर एकाच्या नावापुढे दुसऱ्याचे खाते येते, आणि कुठेही लाल खूण उमटत नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेल्या एक्सलूकअपमध्ये ही रीत उलटवली. तिथे काही न सांगता तंतोतंत जुळणीच शोधली जाते.

जुळणी झाली नाही तर सेलमध्ये ‘एन/ए’ येतो. लोक त्याला वैतागतात आणि वर ‘इफएरर’ लावून तिथे शून्य दाखवतात. हे अंगलट येते. ‘एन/ए’ म्हणजे शीटने तोंड उघडल्याचा दुर्मीळ प्रसंग. त्यामागे बहुधा एका यादीत १०१ ही संख्या आणि दुसरीत १०१ हा मजकूर असे कारण निघते. शून्याने ते झाकले की त्या सभासदाचे बिल शून्याचे होते. आणि एकच क्रमांक दोनदा असेल तर व्हीलूकअप पहिला सापडलेला उचलून गप्प बसतो. म्हणून जोडणीआधी ‘काउंटइफ’ लावून दुबार क्रमांक पाहून घ्यावेत.

सॉर्ट आणि फिल्टर ही त्याहून साधी कामे, पण याद्या मोडतात त्या तिथेही. एकच कॉलम निवडून सॉर्ट केला आणि शीटने विचारलेल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले, तर नावे जागच्या जागी राहतात आणि रकमा हलतात. सॉर्टपूर्वी यादीला अनुक्रमांकाचा कॉलम लावलेला असला तर मूळ क्रम परत आणता येतो. फिल्टर लावल्यावर ‘सम’ हा फॉर्म्युला लपलेल्या ओळीही मोजतो. दिसणाऱ्याच ओळींची बेरीज हवी तर ‘सबटोटल’ लागतो. फिल्टर लावलेल्या यादीत बाहेरचा कॉलम पेस्ट केला, तर तो लपलेल्या ओळींतही जाऊन बसतो.

सरासरी कुणाची?

यादी नीट उभी असली की विश्लेषणाचा मोठा भाग ‘पिव्होट टेबल’ हे गटवार बेरजा मांडणारे साधन काही सेकंदांत उरकते. पिटो सालास यांनी घडवलेल्या ‘लोटस इम्प्रॉव्ह’मध्ये १९९१ साली ही कल्पना दिसली आणि काही वर्षांतच ती एक्सेलमध्ये आली. दुधाच्या सव्वादोन लाख ओळींवर पिव्होट लावून वेळ संध्याकाळची निवडली आणि सभासद डावीकडे, महिने वर, लिटर मध्ये ओढले की चेअरमनच्या प्रश्नाचे उत्तर समोर येते. मूळ यादीत भर घातली तर पिव्होट स्वतःहून बदलत नाही, ‘रिफ्रेश’ करावे लागते. मिटिंगमध्ये मागच्या महिन्याचे आकडे दिसण्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

त्याहून मोठी चूक सरासरीची. एका म्हैसवाल्याने सकाळी १० लिटर दूध ६.० फॅटने घातले आणि संध्याकाळी २ लिटर ७.० फॅटने. पिव्होटमध्ये फॅटची सरासरी मागितली की ६.५ येते. पण त्या बारा लिटर दुधाची खरी फॅट आहे सुमारे ६.१७, कारण दहा लिटरांचे वजन दोन लिटरांहून जास्त धरायला हवे. त्यासाठी यादीत ‘लिटर गुणिले फॅट’ असा एक कॉलम वाढवून त्याच्या बेरजेला लिटरच्या बेरजेने भागावे लागते. शीट ६.५ आणि ६.१७ यांच्यात भेद करत नाही. जे मागितले ते देते.

हाच वाद एकदा जगाच्या अर्थकारणात गाजला. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडले की सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची वाढ सरासरी उणे ०.१ टक्का असते. सरकारी खर्चात कपात करा म्हणणाऱ्यांनी हा आकडा उचलून धरला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी त्यांची मूळ शीट मिळवून तपासू लागला. सरासरीचा फॉर्म्युला ३० ते ४९ या ओळींऐवजी ४४ व्या ओळीवरच थांबला होता. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले होते.

फॉर्म्युल्याची ही चूक बातम्यांत गाजली, पण आकड्यातला बराचसा फरक तिने पडलेला नव्हता. तो पडला होता काही वर्षांची माहिती वगळल्याने आणि सरासरीच्या रीतीने. ९० टक्क्यांच्या वर ब्रिटनची १९ वर्षे होती, वाढ २.४ टक्के. न्यूझीलंडचे एकच वर्ष घेतले गेले होते, वाढ उणे ७.६ टक्के. दोन्ही देशांना सारखेच वजन मिळाले. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पोलिन यांच्या हिशेबाने सरासरी २.२ टक्के निघाली. मूळ लेखकांनी ओळींची चूक मान्य केली, वजनाबाबतचा आक्षेप मात्र मान्य केला नाही. दूध असो वा देश, वजन कशाला द्यायचे हे माणसालाच ठरवावे लागते.

ओळी सुटण्यावर मात्र इलाज आहे. यादीत उभे राहून कंट्रोल-टी दाबले की साध्या ओळींचे रीतसर ‘टेबल’ होते. त्याला आणि त्याच्या कॉलमांना नावे मिळतात. फॉर्म्युल्यात ‘एल३० ते एल४४’ असे न लिहिता कॉलमचे नावच येते आणि खाली नवी ओळ लागली की टेबल स्वतः वाढते. पाच ओळी बाहेर राहण्याचा प्रश्नच उरत नाही.

लपवलेले म्हणजे पुसलेले नव्हे

मोठी यादी विश्लेषण करून संपत नाही, ती पुढे पाठवली जाते. उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाला माहिती अधिकारातला एक अर्ज आला होता: कोणत्या हुद्द्यावर किती कर्मचारी आहेत? ८ ऑगस्ट २०२३ रोजी उत्तरादाखल एक एक्सेल फाइल दिली गेली आणि ती इंटरनेटवर झळकली. वर दिसणारा तक्ता निरुपद्रवी होता, पण ज्या यादीवरून तो बनला ती शीट फाइलीत नजरेआड तशीच राहिली होती. त्यात सुमारे साडेनऊ हजार अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि विभाग होते. त्या प्रदेशात पोलिसांवर हल्ले होत आलेले असल्याने अनेक जण आपली नोकरी शेजाऱ्यांपासूनही लपवतात. काही तासांत फाइल उतरवली, पण तोवर ती बाहेर गेली होती. दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला.

पिव्होट टेबलही असेच दगा देते. मूळ शीट काढून टाकून नुसते पिव्होट पाठवले, तरी त्याच्या पोटात मूळ यादीची प्रत सहसा शिल्लक असते. समोरच्याने बेरजेच्या आकड्यावर दोनदा क्लिक केले की त्या बेरजेमागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उलगडतात, नावे आणि खाते क्रमांक त्यात असतील तर त्यांच्यासकट.

सोसायटीची सभासद यादी, शाळेची शिष्यवृत्तीची यादी, मंडळाची वर्गणीदारांची यादी व्हॉट्सॲपवर रोज फिरत असते. ती फॉरवर्ड करण्याआधी दोन मिनिटे काढावीत. कामापुरते कॉलम निवडून नव्या कोऱ्या फाइलीत ‘पेस्ट व्हॅल्यूज’ने चिकटवावेत, जुन्या आणि नव्या यादीच्या ओळी आणि बेरजा ताडून पाहाव्यात, आणि तेवढीच नवी फाइल पाठवावी. मोबाइल, आधार आणि बँक खात्याचे कॉलम ज्याला खरोखर लागत नाहीत, त्याला ते देऊच नयेत.